८२० किलोमीटरचं अंतर, आठ हजार किलोमीटरचा प्रवास: इकालुइट ते नूक

नेटवर ढिगाने साइट आहेत जिथं दोन एअरपोर्टची नावं टाकली की लगेच उत्तर येतं, अंतर इतके किलोमीटर, इतके मैल, विमानाला लागणारा वेळ अमुक तास तमुक मिनिटं. मुंबई ते नागपूर टाकलं तर ते उत्तर बऱ्यापैकी खरं निघतं, कारण त्या रूटवर रोज जेट विमानं उडतात आणि साइटचं गणित जेट डोक्यात ठेवूनच केलेलं असतं. पण कॅनडा, ग्रीनलँड, नॉर्वे यांच्या अगदी वरच्या भागातली दोन गावं टाकली तर तोच आकडा माणसाला पार चुकीच्या समजुतीत ठेवतो. असं का होतं हे नीट समजून घेतलं तर विमानप्रवासातलं निम्मं गणित आपोआप कळतं असं माझं मत आहे, म्हणून एक खरी जोडी घेऊया आणि तिच्यावरच सगळं बघूया. इकालुइट आणि नूक.

इकालुइट म्हणजे कॅनडाच्या नुनावुत प्रदेशाची राजधानी. बॅफिन नावाचं अवाढव्य बेट आहे, त्याच्या दक्षिण भागात एका लांबलचक खाडीच्या टोकाला हे गाव. राजधानी म्हटलं तरी २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसात हजारांच्या आतच होती. नुनावुतमध्ये २५ वस्त्या आहेत आणि तिथून दक्षिण कॅनडात जाणारा रस्ता नाही, एका वस्तीतून दुसरीत जाणारा हायवे नाही, रेल्वे तर नाहीच. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की जहाज येतं, बाकी वर्षभर विमान. नूक ही ग्रीनलँडची राजधानी, लोकसंख्या वीस हजारांच्या घरात, आणि तिथंही तसंच, ग्रीनलँडमध्ये एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही. दोघांच्या मध्ये डेव्हिस सामुद्रधुनी. दोन्हीकडे इनुइट, म्हणजे या बर्फाळ भागातले मूळ रहिवासी, राहतात, भाषा एकाच कुळातल्या आहेत, म्हणजे खऱ्या अर्थाने शेजारी.

आता अंतर. इकालुइटचा एअरपोर्ट साधारण ६३.७६ अंश उत्तर आणि ६८.५६ अंश पश्चिम, नूकचा ६४.१९ उत्तर आणि ५१.६८ पश्चिम. म्हणजे अक्षांश जवळपास सारखेच, एक दुसऱ्याच्या जवळजवळ थेट पूर्वेला. रेखांशांमधला फरक सतरा अंशांच्या जरासा आत. इथं पहिली गंमत आहे. मुंबई आणि कोलकाता यांच्या रेखांशांमधला फरक साडेपंधरा अंश आहे आणि विमानाचं अंतर साडेसोळाशे किलोमीटरच्या पुढे जातं. मग इकालुइट ते नूक, जिथं फरक त्याहून जास्त आहे, तिथं अंतर अठराशे तरी असायला हवं ना? पण ते निघतं फक्त ८२० च्या आसपास.

कारण रेखांशाच्या रेषा एकमेकींना समांतर नसतात. कलिंगडावरचे हिरवे पट्टे कसे मध्यावर लांब लांब असतात आणि देठाकडे जाताना जवळ येत येत एका ठिकाणी मिळतात, अगदी तसंच. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किलोमीटर, मुंबईच्या अक्षांशावर १०५, आणि नूकच्या तिथं जेमतेम ४९. आणखी वर नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, म्हणजे ७८ अंशावर, २३ किलोमीटर. ध्रुवावर शून्य. त्यामुळे उत्तरेकडची कुठलीही पूर्व-पश्चिम जोडी नकाशावर जितकी लांब दिसते तितकी ती प्रत्यक्षात कधीच नसते.

आणि नकाशावर लांब दिसते त्याला कारण आपण बघतो तो नकाशा. १५६९ मध्ये मर्केटरने जो नकाशा काढला त्याच पद्धतीवर आजचे बरेचसे मोबाइलमधले नकाशे चालतात, फोनवर नकाशा सरकवताना दिशा आणि आकार बिघडत नाहीत हा त्याचा मोठा फायदा, पण त्यासाठी तो वरचा भाग ताणत नेतो. ६४ अंशावर प्रत्येक गोष्ट सव्वादोन पटीहून जास्त ताणलेली दिसते, ७८ अंशावर जवळपास पाच पट. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं ते यामुळेच, खरं तर आफ्रिकेत चौदा ग्रीनलँड मावतील. तेव्हा वरच्या भागातलं अंतर बोटाने मोजायचा प्रयत्न करूच नका.

मग साइट मोजते कसं? ती पृथ्वीला गोल धरते आणि गोलावरून दोन बिंदूंमधला सर्वात जवळचा रस्ता काढते, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. गोलावर दोरी ताणून धरली तर ती जिथून जाईल तो रस्ता. सूत्र शाळेतल्या साइन-कोसाइनचंच आहे, त्यात काही गूढ नाही. उत्तर गोलार्धात हा रस्ता सपाट नकाशावर नेहमी वर उत्तरेकडे फुगलेला दिसतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना समोरच्या स्क्रीनवर विमानाची रेघ एवढी वाकडी का दिसते आणि पायलट सरळ का जात नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, तर तो सरळच जात असतो, वाकडा असतो तो नकाशा.

इकालुइटहून निघालेलं विमान सुरुवातीला पूर्वेच्या थोडं उत्तरेला, म्हणजे साधारण ७९ अंशाच्या दिशेने जातं (उत्तर शून्य आणि पूर्व ९० धरून). बॅफिन बेटाचाच हॉल पेनिन्सुला हा भाग ओलांडून कम्बरलँड साउंड या खाडीच्या तोंडाजवळून समुद्रावर येतं, आणि नूकला पोचेपर्यंत त्याची दिशा ९४ अंश झालेली असते, म्हणजे पूर्वेच्या थोडी दक्षिणेला. नूक इकालुइटपेक्षा उत्तरेला असूनसुद्धा विमान शेवटी दक्षिणेकडे झुकत उतरतं! वैमानिकाने वळण घेतलेलं नसतं, त्याच्या खालच्या रेखांशांची दिशा बदलत गेलेली असते. त्यात होकायंत्राचा आणखी एक घोळ, इथून चुंबकीय उत्तर ध्रुव तुलनेने जवळ असल्यामुळे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून वीस अंशांहून जास्त सरकलेली असते, म्हणून कॅनडाच्या वरच्या हवाई हद्दीत दिशा चुंबकीय नाही तर खऱ्या उत्तरेवरून सांगतात. ही गोष्ट मला फार आवडते.

पण खरं सांगायचं तर एवढ्या जवळच्या अंतरात ग्रेट सर्कलने फारसं काही वाचत नाही. नकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या सरळ रेघेवरून गेलात तर ८२५ किलोमीटर, ग्रेट सर्कलने गेलात तर ८२२, मध्यावर दोन्ही रस्त्यांमध्ये पंचवीस-तीस किलोमीटरचं अंतर पडतं तेवढंच. खरा फरक दिसतो तो ध्रुवाच्या दोन बाजूंना असलेल्या जोडीत. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइअरब्येन आणि अलास्काच्या टोकावरचं उटकियाग्विक, ज्याला पूर्वी बॅरो म्हणायचे, ही दोन घ्या. नकाशावर एक मधोमध, एक पार डाव्या कोपऱ्यात. नकाशातल्या सरळ रेघेने गेलात तर पाच हजार किलोमीटर, ध्रुवाजवळून गेलात तर ३३८०. सोळाशे किलोमीटरची बचत.

एक छोटी गोष्ट इथंच सांगून टाकतो कारण लोक यावरून गोंधळतात. एका साइटवर ८२२ दिसतं आणि दुसरीवर ८२६, मग कोण बरोबर? दोघंही. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, विषुववृत्ताजवळ त्रिज्या ६३७८ किलोमीटर आणि ध्रुवापाशी ६३५७. जी साइट सरळ गोल धरते ती ८२२ सांगते, जी चपटेपणा मोजते ती ८२६ च्या आसपास सांगते. आणि मैल बघताना कुठला मैल ते बघा, विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात जो १.८५२ किलोमीटरचा असतो, रस्त्यावरचा मैल १.६०९ चा. त्यामुळे हेच अंतर ४४४ मैल पण असू शकतं आणि ५११ मैल पण.

अंतर झालं. वेळेचा विषय जास्त खोल आहे.

बहुतेक साइट काय करतात, अंतराला ताशी आठशे किलोमीटरने भागतात आणि वर टेकऑफ-लँडिंगसाठी अर्धा तास टाकतात. इकालुइट-नूकला हे उत्तर येतं साधारण दीड तास. पण हा वेळ बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० सारख्या जेटचा. या रूटवर २०२४ च्या उन्हाळ्यात जी थेट फ्लाइट सुरू झाली ती होती डॅश-८ ची, म्हणजे पंख्यांचं टर्बोप्रॉप विमान, ३७ सीटचं, आपल्याकडे कोल्हापूर-जळगावला जे एटीआर जातं त्याच जातीचं पण त्याहून लहान. त्याचा क्रूझ स्पीड, म्हणजे वर पोचल्यावर सरळ उडतानाचा वेग, ताशी ५३० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे नुसतं हवेतलं सरळ अंतर कापायलाच एक तास ३३ मिनिटं, वर चढायला उतरायला जास्तीचा वेळ, रनवेपर्यंत टॅक्सी करत जायचं, उतरल्यावर परत यायचं, सगळं धरून दोन तास. हिवाळ्यात पंखांवरचं बर्फ काढायला डीआयसिंग लागलं तर आणखी. एअरलाइन तिकिटावर जो वेळ छापते तो हा सगळा धरून असतो, विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जागेवर थांबलं तिथपर्यंत. साइटचा दीड तास आणि तिकिटावरचे दोन तास यात कोणी खोटं बोलत नाही, दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतात.

मग जेट का नाही लावलं? कारण नूकचा तेव्हाचा रनवे. १९७९ मध्ये झालेल्या जुन्या एअरपोर्टचा रनवे फक्त ९५० मीटरचा होता, डोंगराच्या कुशीत, फ्योर्डच्या म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाडीच्या काठाला. तिथं ७३७ उतरू शकत नाही, डॅश-८ सारखी थोडक्या जागेत उठणारी आणि थोडक्या जागेत थांबणारी विमानंच चालायची. त्यामुळे कोपनहेगनहून येणारं मोठं विमान नूकला न येता उत्तरेला ३२० किलोमीटरवर कांगरलुसुआकला उतरायचं, जिथं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेला लांब रनवे होता, आणि तिथून लोक छोट्या विमानात बसून राजधानीत यायचे. देशाच्या राजधानीला मोठ्या विमानाने थेट जाता येत नाही अशी परिस्थिती चाळीस वर्षांहून जास्त होती. २८ नोव्हेंबर २०२४ ला नूकचा नवा २२०० मीटरचा रनवे सुरू झाला आणि कोपनहेगनहून थेट एअरबस ए३३० यायला लागली, २०२५ च्या उन्हाळ्यात तर अमेरिकेतल्या न्यूआर्कहून पण थेट फ्लाइट सुरू झाली. एका रनवेने एका गावाचं जगापासूनचं अंतर बदललं, किलोमीटर तेच राहिले.

इकालुइटची गोष्ट बरोबर उलटी. तिथंही १९४२ मध्ये अमेरिकन लष्करानेच एअरफील्ड बांधलं, पण आज रनवे २६०० मीटरहून लांब आहे, इतका की २००६ मध्ये ए३८० हे जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान कडाक्याच्या थंडीत टेस्ट करायला तिथं आणलं होतं. युरोप-अमेरिका फ्लाइटमध्ये काही बिघाड झाला, कुणाची तब्येत बिघडली तर इमर्जन्सीला उतरायची जागा म्हणूनही इकालुइट उपयोगी पडतं. साडेसात हजार लोकांच्या गावात अधूनमधून तीनशे माणसांचं विमान येऊन उभं राहतं.

आता वारा, आणि इथं जरा थांबू कारण हा भाग लोकांना सगळ्यात कमी माहीत असतो. वर हवेत वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. समजा त्या दिवशी वरती ताशी शंभर किलोमीटरचा पश्चिमेचा वारा आहे. इकालुइटहून नूकला जाताना तो पाठीमागून येतो, म्हणजे विमानाचे ५३० आणि वाऱ्याचे १०० मिळून जमिनीवरचा वेग ६३०, अंतर कापायला एक तास १८ मिनिटं. परत येताना तोच वारा तोंडावर, वेग ४३०, वेळ एक तास ५४ मिनिटं. एकाच विमानाला एकाच दिवशी जाता-येताना ३६ मिनिटांचा फरक. बऱ्याच जणांना वाटतं की जाताना वाचलं आणि येताना गेलं, हिशोब बरोबरीत सुटला. नाही सुटत! वारा नसता तर जाऊन-येऊन तीन तास सहा मिनिटं लागली असती, वाऱ्यामुळे तीन तास बारा लागली. कारण साधं आहे, तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवतं म्हणजे वारा त्याला जास्त वेळ त्रास देतो, आणि मदत मिळते ती कमी वेळ. वारा जितका जोरात तितकं हे नुकसान वाढत जातं. जेटला याचा त्रास कमी कारण त्याचा स्वतःचा वेगच जास्त, टर्बोप्रॉपला जास्त.

याच्यातूनच एक फार महत्त्वाचा हिशोब निघतो जो उत्तरेकडच्या प्रत्येक फ्लाइटच्या आधी करतात. समुद्रावर असताना काही गडबड झाली, एक इंजिन बंद पडलं समजा, तर पुढे जायचं की मागे फिरायचं? आपल्याला वाटेल, निम्म्याच्या अलीकडे असू तर मागे आणि पलीकडे असू तर पुढे. पण वारा असला की निम्मा टप्पा म्हणजे ४१० किलोमीटर हा बिंदू नसतोच. नूकहून इकालुइटला येताना वरचाच वारा धरला तर पुढे जायचा वेग ४३० आणि मागे फिरायचा ६३०. दोन्हीकडे सारखाच वेळ लागेल अशी जागा निघते नूकपासून ४८७ किलोमीटरवर. तिथून पुढे ३३३ किलोमीटर राहिलेत आणि मागे ४८७, तरी दोन्हीकडे ४६ मिनिटंच लागतात. म्हणजे साडेचारशे किलोमीटर येऊन गेल्यावरही मागे फिरणंच जास्त जवळचं असतं, वेळेच्या हिशोबाने. (एक इंजिन बंद असताना वेग अर्थातच कमी धरतात, मी इथं समजायला सोपं जावं म्हणून तोच ठेवलाय.) हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं, सातवी-आठवीच्या मुलाला सोडवता येईल इतकं सोपं आणि त्यावर माणसांचे जीव अवलंबून.

इंधनाचं पण असंच. फ्लाइट ८२० किलोमीटरची म्हणून ८२० किलोमीटरचं इंधन भरलं असं नसतं. पोचायच्या जागी धुकं असेल, वादळ असेल, रनवे बंद असेल तर दुसऱ्या एअरपोर्टला जाऊन उतरता येईल एवढं इंधन आणि वर राखीव साठा ठेवावाच लागतो. पुण्याचं विमान मुंबईला वळवलं तर ते फार तर दीडशे किलोमीटरचं प्रकरण. नूकला उतरता आलं नाही आणि कांगरलुसुआकला जायचं ठरलं तर ३२० किलोमीटर. इकालुइटला उतरता आलं नाही आणि दक्षिणेला क्वेबेकमधल्या कूजुआकला जायचं तर ६३० किलोमीटर, म्हणजे मूळ प्रवासाच्या तीन चतुर्थांशाहून जास्त. आता ३७ सीटच्या विमानाला वजनाची मर्यादा असते, जास्तीचं सहाशे किलो इंधन टाकलं आणि एक माणूस सामानासकट शंभर किलोचा धरला तर सहा जणांची जागा गेली. म्हणून अशा रूटवर कधीकधी सीट मोकळ्या दिसतात तरी तिकीट मिळत नाही, किंवा तुम्ही पोचता आणि बॅग दुसऱ्या दिवशी येते. तिकीट महाग असण्याचं मोठं कारणही हेच, खर्च सगळा मोठ्या प्रवासाचा आणि तो वाटून घ्यायला माणसं मूठभर.

घड्याळाचा घोळ वेगळाच. इकालुइट कॅनडाच्या पूर्वेकडच्या टाइम झोनमध्ये, म्हणजे उन्हाळ्यात यूटीसीच्या (जगभरची घड्याळं जिच्यावरून लावतात ती प्रमाण वेळ) चार तास मागे. ग्रीनलँडने २०२३ मध्ये आपलं घड्याळ कायमचं एक तास पुढे घेतलं, त्यामुळे नूक आता हिवाळ्यात यूटीसीच्या दोन तास मागे आणि उन्हाळ्यात एक तास मागे. दोघांमध्ये तीन तासांचा फरक. समजा विमान इकालुइटहून दुपारी बाराला निघालं आणि दोन तास उडलं, तर नूकच्या घड्याळात पाच वाजलेले असतात, वेळापत्रक बघणाऱ्याला वाटतं पाच तासांची फ्लाइट आहे. आणि उलट नूकहून बाराला निघालं तर इकालुइटला सकाळी अकराला पोचतं, निघण्याच्या एक तास आधी! त्यातही मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जरा जपून, कॅनडा घड्याळ बदलतो मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि ग्रीनलँड युरोपबरोबर मार्चच्या शेवटाला, शरद ऋतूत ग्रीनलँड आधी आणि कॅनडा नंतर, त्यामुळे वर्षातले काही आठवडे हा फरक तीनऐवजी दोनच तासांचा असतो. कनेक्टिंग फ्लाइट असेल तर नेमकं इथंच चुकायला होतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. इकालुइट-नूक अंतर ८२०, वेळ दोन तास, पण थेट विमान नसेल तर काय? आणि बहुतेक वर्षं, वर्षातले बहुतेक महिने ते नव्हतंच. एअर ग्रीनलँडने २०१२ ला ही फ्लाइट सुरू केली होती, दोन-तीन वर्षांत बंद पडली. मग थेट २०२४ च्या जूनमध्ये एअर ग्रीनलँड आणि कॅनेडियन नॉर्थने मिळून परत सुरू केली, तीही आठवड्यातून एकदा आणि फक्त सीझनपुरती. ती नसताना इकालुइटच्या माणसाला समोरच्या किनाऱ्यावर जायचं तर आधी दक्षिणेला ओटावा, २१०० किलोमीटर. तिथून टोरांटो ३६०. टोरांटोहून आइसलँड, ४१७० किलोमीटर, म्हणजे अटलांटिकच्या मध्यापर्यंत, नूकच्याही पुढे निघून जायचं. आणि मग आइसलँडहून परत पश्चिमेला नूक, १४०० किलोमीटर. बेरीज करा, आठ हजार किलोमीटर! खऱ्या अंतराच्या जवळपास दहापट, आणि मधले मुक्काम धरले तर दोन तासांच्या जागी दोन दिवस सहज जातात. आइसलँडऐवजी कोपनहेगनवरून गेलात तर याहूनही जास्त.

हे असं का, तर विमानाचे रूट नकाशावरच्या जवळिकीवरून ठरत नाहीत, माणसं आणि माल कुठून कुठे जातो त्यावरून ठरतात. इकालुइटकडच्या लोकांचं मोठं हॉस्पिटल, केंद्र सरकार, किराणा असं बरंच काही ओटावा-मॉन्ट्रियलकडे आहे, आणि ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्याचा भाग असल्यामुळे त्याचं डेन्मार्ककडे. शेकडो वर्षं दोन वेगवेगळ्या राज्यकर्त्यांनी एकाच समाजाच्या दोन भागांना आपापल्या राजधानीकडे तोंड करून बसवलं आणि विमानंही तशीच उभी-उभी उडत राहिली, उत्तर-दक्षिण किंवा थेट युरोपकडे. आडवं, म्हणजे इनुइटांकडून इनुइटांकडे, जाणारं विमान हे नेहमीच अपवाद राहिलं. २००२ मध्ये नूक आणि इकालुइट यांनी मिळून आर्क्टिक विंटर गेम्स, म्हणजे उत्तरेकडच्या प्रदेशांच्या हिवाळी क्रीडास्पर्धा, भरवले होते, म्हणजे इच्छा नाही असं कुणी म्हणू शकत नाही. पण रोजचे प्रवासी इतके कमी की सरकारी आधाराशिवाय कुठलीही एअरलाइन ही फ्लाइट फार दिवस चालवू शकत नाही. मला मनापासून वाटतं की अशा रूटला नुसता नफा-तोटा लावू नये, आपल्याकडे उडान योजनेत छोट्या गावांच्या फ्लाइटला सरकार पैसे देतं त्यामागचा विचारही हाच आहे ना. इथं तर दुसरा रस्ताच नाही.

म्हणून साइटवर वेळ दिसला म्हणजे विमान आहे असं समजू नका, ती साइट जगातल्या कुठल्याही दोन ठिकाणांसाठी वेळ काढून देते. लाँगइअरब्येन ते उटकियाग्विकसाठी पण साडेचार-पावणेपाच तास असं काहीतरी सांगेल, आणि त्या रूटवर प्रवासी विमान नाही.

मराठी वाचकाला प्रत्यक्ष जायची शक्यता जास्त आहे ती मात्र लाँगइअरब्येनची, आणि तिथं आपला संबंधही आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, त्यांच्या देखरेखीखाली भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंदला चालतं. तिथं जाणारे शास्त्रज्ञ नॉर्वेतून लाँगइअरब्येनला पोचतात आणि पुढचे ११० किलोमीटर छोट्या डॉर्नियर विमानाने, अर्ध्या तासाच्या आत. नॉर्वेच्या ट्रॉम्सोहून लाँगइअरब्येन साधारण ९६० किलोमीटर, जवळजवळ सरळ उत्तरेला, म्हणजे रेखांशांची कुठलीच गंमत नाही. इकालुइट-नूकपेक्षा अंतर १४० किलोमीटरने जास्त, तरी वेळ कमी, एक तास चाळीस मिनिटांच्या आसपास, कारण इथं कायम गोठलेल्या जमिनीवर १९७५ मध्ये जेटसाठी लांब रनवे बांधला आणि तेव्हापासून जेट येतंय. वारा बहुतेक वेळा आडवा लागतो त्यामुळे जाता-येता वेळेत फारसा फरकही नाही. आणि हे नुसतं हौशी पर्यटकांमुळे नाही, आधी कोळशाच्या खाणी (नॉर्वेची तिथली शेवटची खाण २०२५ मध्ये बंद झाली), शिवाय संशोधन, विद्यापीठाचं केंद्र अशा कारणांनी नॉर्वेने ते मुद्दाम जोडून ठेवलंय. जगात ठरावीक वेळापत्रकाने कुणालाही तिकीट काढून जाता येईल असा सगळ्यात उत्तरेचा एअरपोर्ट हाच.

तिथं वेळ खातो तो पासपोर्ट. स्वालबार्ड नॉर्वेचं आहे पण शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, त्यामुळे ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या फ्लाइटमध्ये सगळ्यांना ट्रॉम्सोला खाली उतरवून पासपोर्ट तपासतात आणि परत त्याच विमानात बसवतात. भारतीय पासपोर्टवर जाणार असाल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त एंट्रीचा घ्या, कारण लाँगइअरब्येनला गेलात म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडलात आणि परत नॉर्वेत शिरायला दुसरी एंट्री लागते. आणि परतीच्या मोठ्या फ्लाइटच्या आधी ऑस्लोला एक रात्र हातात ठेवा, वर हवा बिघडली की त्या दिवसाचं विमान दुसऱ्या दिवशी निघतं.